मेणचट डब्यावरचं नाव

कुसुम,

पळसदरीच्या मामींच्या डब्यावरून तुझं नाव गेलं. त्या स्वतः सांगायला आल्या. डबा पिशवीत घालून, वर टॉवेल झाकून आणला होता, जणू शेजारणीची काचेची बरणी फोडून आल्या आहेत. पडवीत टेकल्या, पाणी प्यायल्या आणि मग टॉवेल बाजूला केला.

"राखेनं नाय घासला गं मी. नुसता साबनाचा हात फिरवला. आख्खं नाव हातात आलं."

"तुमचा दोष नाही मामी," मी म्हटलं.

"मंग कोनाचा?"

तू असतीस तर यावरून माझ्याशी भांडली असतीस. शाईचा की जाळाचा, या भांडणात आपली अर्धी दुपार गेली असती आणि मामी कंटाळून उठून गेल्या असत्या. आता मी त्यांना चहा दिला आणि डबा ठेवून घेतला. जाताना त्या डब्याच्या कोऱ्या बाजूला हात जोडून गेल्या.

त्या पहिल्या नाहीत. कोंडाण्याच्या चुलतबहिणीच्या डब्यावरून पहिल्याच आठवड्यात गेलं. ज्यांच्या डब्यावर अजून आहे, त्यांनी डबा वापरलेलाच नाही. शेजारची सरू तर म्हणाली, "मी त्याला पानीच नाय लावत. नाव पुसलं तर पाप लागंल." तिच्या फळीवर तो रिकामा डबा धूळ खात बसलाय. माणसाच्या आठवणीला दिलेली वस्तू, तिला हात लावायची भीती वाटते. हे असं व्हावं म्हणून आपण एवढी वर्षं शाईत हात घातले नव्हते.

तुझ्या तेराव्याला कोणतं भांडं वाटायचं, हे तुझ्या माघारी ठरलं. ते तुला माहीत असायला हवं, म्हणून सांगते.

तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं घरोघर भांडं देतात. बाजारातल्या दुकानात तो मशीनवाला बसतो, तो स्टीलच्या वाटीवर नाहीतर तांब्यावर टर्र करून नाव घालून देतो. तुझा दादा वाट्याच आणायला निघाला होता. नाव काय घालायचं, एवढंच विचारायला तो ओटीवर थांबला आणि तिथे भावकीतले तात्या बसलेले.

तात्या म्हणाले, "मंगल घाला. लग्नात ठेवलेलं नाव तेच खरं. बाई सासरच्या नावानं जाते."

तुझा दादा हातातल्या पिशवीची घडी घालत राहिला. तो तुझ्या बाबतीत नेहमी गप्पच असायचा, हे तुला मी सांगायला नको. आत आईंनी चुलीत लाकूड सारलं. मग मीच बोलले.

"तात्या, ते नाव ठेवणाऱ्यांपैकी कोण आलं होतं मातीला?"

"तो प्रश्न येगला."

"वेगळा नाही. मंगल नावाची बाई या घरात कधी राहिली नाही. कुसुम राहिली."

तात्यांनी पान जुळवायला घेतलं. याचा अर्थ चाललं तर चालू दे, असा मी घेतला.

ते मंगल नाव तू स्वतः कसं सांगायचीस, ते मला त्या वेळी आठवलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवीन नाव लिहितात. सासरी नांदवलं नाही, तू परत आलीस, आणि कोणी खोचून विचारलं, "काय गं, तुजं सासरचं नाव काय?" की तू म्हणायचीस, "तांदलात लिवलेलं ना ते? शिजवून खाल्लं त्यांनी." विचारणारी हसायची. तू हसायची नाहीस. पुढच्या डब्याला हात घालायचीस.

सासरच्यांनी तुझं नाव घरातून काढलं आणि माहेरी ते परत कुठे लिहावं असं कुणाला सुचलं नाही. दारावर पाटी तुझ्या दादाची. सातबाऱ्यावर तू असण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नपत्रिका तू इतक्या छापल्यास, त्यात निमंत्रक म्हणून गावातल्या सगळ्यांची नावं येऊन गेली, तुझं कधी आलं नाही. तुझं नाव फक्त एका ठिकाणी होतं. आपल्या स्क्रीन छपाईच्या चाचणीच्या फ्रेमवर.

म्हणून मी तुझ्या दादाला म्हटलं, "वाट्या नकोत. पडवीत कोरे डबे पडलेत, त्यावर मी छापते."

"राहील का?" एवढंच त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "राहील."

ती फ्रेम तुला आठवते ना? नवीन माल आला की त्यावर शाई धरते का बघायला एखादा शब्द लागायचा. तू मला म्हणालीस, "वयनी, तुजं अक्षर चांगलं हाय, कायतरी लिवून दे." मी म्हटलं, काय लिहू? तू म्हणालीस, "लिव काय पन." मी कुसुम लिहिलं. तू ते फ्रेमच्या जाळीवर उतरवलंस. मग आपण कापडी पिशव्यांवरून प्लास्टिकवर आलो आणि तेच नाव डब्यामागून डब्यावर छापलं जायला लागलं. छापायचं, वाळू द्यायचं, वर चिकटपट्टी दाबायची आणि खस्सकन ओढायची. चिकटपट्टीवर नाव, डबा कोरा.

"गेली कुसुम," तू म्हणायचीस.

मी ओरडायचे. असं बोलू नये गं. तू पुढचा डबा घ्यायचीस, पट्टी ओढायचीस, "ही बी गेली."

अगदी पहिला डबा मला अजून दिसतो. खालापूरच्या कारखान्यातून तू पोतं भरून डबे आणले होतेस. एसटीत कंडक्टर म्हणाला, "रिकाम्या डब्यांचं लगेज लावू का भरल्याचं?" तू म्हणालीस, "तुज्या डोस्क्यासारकेच हायत, वजन कर नि लाव." आख्खी एसटी हसली आणि त्यानं लगेज लावलंच नाही. घरी येऊन आपण छापलं. काय सुंदर दिसत होतं! पांढऱ्या डब्यावर लाल अक्षर, कडा अशा स्वच्छ. वाळल्यावर तू नखानं कोपरा उचललास आणि दुधावरची साय निघावी तसं नाव आख्खं उचलून आलं. तू ते माझ्या हातावर चिकटवलंस. "बघ," म्हणालीस, "तुज्यावर बसते, डब्यावर नाय बसत." दोन दिवस ते माझ्या मनगटावर होतं. भाकरी थापताना सुद्धा निघालं नाही.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं, शाई चुकीची आहे. कडक प्लास्टिकच्या कंगव्यावर, साबणाच्या डबीवर तीच शाई घट्ट बसत होती, मग या मेणचट डब्यासाठी वेगळी शाई असणारच, ती शोधावी. तुझं म्हणणं, शाईचा दोष नाही, डब्याचाही नाही, दोघांची ओळख कोणी करून दिलेली नाही. मी मुंबईहून येणाऱ्या माणसाकडून शाया मागवल्या. एक नाकात झोंबायची, एक वाळतच नसे, एक इतकी महाग होती की तिची डबी मी देवघरात ठेवली. सगळ्या सायीसारख्या निघाल्या.

तुला मात्र त्या कारखान्यातल्या मिस्त्रीनं सांगितलं की डब्याला आधी जाळ दाखवा. लगेच तू घरातला पंपाचा स्टोव्ह पेटवलास. वातीच्या स्टोव्हनं काजळी धरते, पंपाच्या स्टोव्हची ज्योत निळी येते, हे तुझं तुलाच उमगलं. पहिले डबे वाकडे झाले. एकाचं तोंड असं फिरलं की तू म्हणालीस, "तात्या पान खातायत बघ." त्या वाकड्या डब्यांतून आपल्या कोंबड्या अजून पाणी पितात.

मी पडवीत स्टोव्ह पेटवू दिला नाही. थिनरच्या बाटल्या तिथेच आणि तू तिथेच जाळ करणार. आपण त्या दिवशी जेवलोही वेगवेगळे. शेवटी तू स्टोव्ह गोठ्यात नेलास. गाय विकल्यापासून तो रिकामाच होता. गोठ्यात जाळ, पडवीत छपाई. मग डबा जाळावरून फ्रेमपर्यंत न्यायचा कसा, याची तुझी रीत. बाहेरून बोट लावायचं नाही. डब्यात हात घालायचा, आत पंजा उघडायचा आणि हाताला डबा घातल्यासारखं चालत यायचं. आपण दोघी दोन्ही हातांना डबे घालून अंगणातून चालायचो. सरू कुंपणावरून म्हणायची, "आल्या बाई खेकड्या!"

आणि जाळ दाखवलेल्या डब्यावर पाणी टाकलं की कळायचं. साध्या डब्यावर पाणी अळूच्या पानावर पळतं तसं पळायचं. जाळ लागलेल्यावर ते पसरून, चिकटून बसायचं. ते तू मला दाखवलंस. त्याच रात्री मी ती महाग शाईची डबी देवघरातून काढली.

पुढे आलं तेल. कधी नाव राहायचं, कधी जायचं, कधी अर्धं राहायचं. तू एके दिवशी माझ्याकडे बघत बसलीस. मी वेणी घालून आले होते. "वयनी, तू डोक्याला हात लावतेस नि मंग डब्याला." मी हात धुतले. तू म्हणालीस, नाही, तेल असं जात नाही. त्या दिवसापासून तू डोक्याला तेल लावणं सोडलंस. मला सोडायला लावलं नाहीस, फक्त मला फ्रेमवर बसवलंस आणि जाळावरचा डबा तूच हाताळायला लागलीस. आणि एक दिवस पट्टी ओढलीस, बघितलंस, पुन्हा दाबून ओढलीस आणि इतक्या मोठ्यांदा ओरडलीस की आई शेतातून धावत आल्या, कोणाला विंचू चावला म्हणून.

"राहिली! वयनी, राहिली कुसुम!"

तो डबा तू खालापूरला नेऊन दाखवलास आणि मसाल्याच्या डब्यांचं काम आपल्याला मिळालं.

तुझे केस मात्र भुरे ते भुरेच राहिले. बायका बोलायच्या, मला ऐकू येईल असं. "टाकलेली असली म्हनून काय, डोक्याला तेल बी नाय?" आई तेलाची वाटी घेऊन तुझ्या मागे फिरायच्या. "ये गं जरा, बस." तू म्हणायचीस, "आये, काम हाय." आईंनी ती वाटी कितीदा तशीच परत नेऊन ठेवली, ते मी पाहिलंय. तू त्यांच्याकडे बघत नव्हतीस, कारण बघितलं असतंस तर बसली असतीस.

तुझ्या आजारपणाचं मी फारसं लिहीत नाही. कावीळ होती, आपण सगळ्यांनी आधी अंगावर काढली, मग आईंनी कोंडाण्याकडच्या एका म्हातारीकडून औषध आणलं, मग दवाखाना. डोळे हळदीसारखे झाले होते तरी तू मला सांगत होतीस की गॅसची शेगडी घेऊ, पंपाचा स्टोव्ह पुरत नाही, मोठं काम घेऊ. मी म्हटलं, आधी हे काम पुरं होऊ दे. तू म्हणालीस, "बरी होऊन येते, मंग बगते तुला." ते भांडण तिथेच राहिलंय. तू आलीस तर मी शेगडी घ्यायला नाहीच म्हणणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

एक गोष्ट मात्र आईंना सांगितलेली नाही. शेवटच्या संध्याकाळी मी निघताना तू म्हणालीस, "वयनी, डोस्कं लय खाजतंय गं. उद्या येताना तेल घेऊन ये." मी सकाळी खोबरेल तेलाची बाटली पिशवीत घालून निघाले. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तुझा दादा बसलेला दिसला, तेव्हा बाटली माझ्या पिशवीतच होती. ती तिथेच सांडली बहुधा, पिशवीला अजून वास येतो. आईंना काय सांगू? इतकी वर्षं त्या वाटी घेऊन फिरल्या आणि तू शेवटी तेल मागितलंस ते माझ्याकडे.

तर तेराव्याचे डबे.

मी सगळं तुझ्यासारखं केलं. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी गोठ्यात स्टोव्ह पेटवला. मला त्याची भीती वाटते, तरी पेटवला. निळी ज्योत येईपर्यंत पंप मारला. डबा ज्योतीवर फिरवला, कुठे थांबू दिला नाही, लगेच उचलला. पाणी टाकून बघितलं, पसरलं. शाई तीच, आपल्या मसाल्याच्या डब्यांची. फ्रेम तीच. पण गोठ्यातून पडवीत मी एकटी किती येरझाऱ्या घालणार? घरात बायकाच बायका होत्या. मामी, सरू, माझ्या माहेरच्या. सगळ्या म्हणाल्या, आम्ही आणतो. मी त्यांना दाखवलं, आत हात घाला, पंजा उघडा. त्यांनी मान हलवली आणि डबे छातीशी धरून, पदरानं पुसत पुसत आणले. पदरानं पुसत! "धूळ नको लागाया," सरू म्हणाली.

आणि आदल्याच दिवशी दहावं झालं होतं. नदीवरून आल्यावर माझ्या माहेरच्यांनी घरातल्या सगळ्या बायकांच्या डोक्याला तेल घातलं होतं. रीतच आहे, दुःखाचे दिवस फिटले म्हणून. नाही म्हणता येत नाही. मी सोडून बाकी कुणाला ठाऊक नव्हतं की दुसऱ्या दिवशीच्या कामाला तेल चालत नाही. माझेसुद्धा केस तेलानं चपचपीत. मी साबणानं हात धुतले, सोड्यानं धुतले, चुलीतली राख लावून धुतले. तू म्हणाली असतीस, तेल असं जात नाही.

मी पडवीत आले तर जाळ दाखवलेल्या डब्यांच्या रांगेत आई बसलेल्या. एक डबा मांडीवर. तळहात त्यावरून फिरवत होत्या.

"आई, तो ठेवा. त्याला हात लावायचा नसतो."

"बगू दे गं. हितं येनार ना तिचं नाव?"

"हो."

"हितंच?"

"हो आई. तिथेच."

तो डबा मी बाजूला काढला आणि पुन्हा जाळावर नेला. पण मी गोठ्यात असताना त्यांनी आणखी कितींवरून हात फिरवला असेल, ते कोण सांगणार? सगळे पुन्हा जाळायला स्टोव्हमध्ये घासलेट उरलं नव्हतं. मी छापायला बसले.

दिसायला सुंदर आले. तू बघितले असतेस तर कडा बघून मान हलवली असतीस. मी पट्टी लावून बघितली नाही. हे तुला पटणार नाही, पण माझा हात गेला नाही. तुझ्या तेराव्याच्या डब्यांपुढे बसून तुझ्या नावावर पट्टी दाबायची, ओढायची आणि "गेली कुसुम" म्हणायचं, हे मला जमलं नाही. तात्यांनीसुद्धा डबा हातात घेऊन निरखला. "अक्षर चांगलं आलंय," म्हणाले. आईंनी एकेक डबा स्वतःच्या हातानं एकेका घराला दिला.

आता नावं निघतायत आणि मला कारण सापडत नाही. तेल असेल. पदर असेल. जाळ कमी पडला असेल, मी भीतभीत फिरवला ना. थंडी होती, शाई वाळली नसेल. किंवा शाईच चुकीची असेल, पहिल्यापासून, मी म्हणत होते तशी. एवढी कारणं आणि त्यांच्याशी वाद घालायला कोणी नाही. मसाल्याच्या डब्यांचं काम अर्धं पडून आहे. त्यातला एक परवा छापला, पट्टी ओढली, निम्मी अक्षरं गेली. मी तेल सोडलंय, तुझ्यासारखं. केस भुरे झालेत. तरी जातात.

म्हणून मी गेल्या आठवड्यात खालापूरला गेले. तो पहिला डबा शोधायला, ज्यावर तू राहिलीस. मला तो बघायचा होता. त्याच्यात असं काय होतं?

मिस्त्रीनं मला बघितलं आणि मशीन थांबवलं. "वयनीबाई ना तुमी? आयकलं आमी." त्यानं हात पुसले, काय करावं ते न कळून पुन्हा पुसले. मी डब्याचं विचारलं तर त्यानं खिडकीतून काढून दिला. खिळे ठेवायला वापरत होता. काळाकुट्ट, ग्रीसनं माखलेला. मी रुमालानं पुसला. ग्रीसखाली माझं अक्षर, तुझं नाव, लाल. मी नख लावलं. जोर करून लावलं. हललं नाही.

"मिस्त्री, हा कसा राहिला हो?"

"आता काय सांगू बाई. साच्याला आमी तेल मारतो, डबा सुटावा म्हनून. त्या दिशी मारलं नसंल कदाचित. नायतर मारलं बी असंल. ध्यानात नाय." मग म्हणाला, "त्यांना इचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

"तिलाही माहीत नव्हतं," मी म्हटलं.

खरंच नव्हतं ना, कुसुम? जो राहिला तो राहिला म्हणून तू ओरडलीस. का राहिला, ते आपण दोघींनी कधी विचारलंच नाही. काम मिळालं, कामाला लागलो. त्यानंतर कितीतरी राहिले आणि कितीतरी गेले. गेले त्यांवरून भांडलो, राहिले त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही.

मिस्त्रीनं खिळे कागदावर ओतले आणि डबा मला दिला. येताना एसटीत तो मांडीवर होता. तू मला या कामात ओढलंस ते बरं केलंस, असं मी तुला कधी बोलले नाही. चुलीपुढून उठवून फ्रेमवर बसवलंस. माझं अक्षर खोपोलीपासून पनवेलपर्यंत मसाल्याच्या डब्यांवर गेलं ते तुझ्यामुळे. तू असताना हे म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "वयनी, ताप आलाय का तुला?" म्हणून तर म्हटलं नाही.

घरी आले. डबा सोड्याच्या पाण्यानं घासला, ग्रीस गेलं, तू राहिलीस. उन्हात ठेवला आणि आत भाकरी टाकायला गेले. दुसऱ्या दिवशी त्याचं नीट बघायचं ठरवलं होतं. काठावर जाळ किती लागलाय, कुठे जास्त, कुठे कमी. त्यावरून काही कळलं तर मसाल्याचं काम पुरं करता येईल.

भाकऱ्या झाल्या तशी बाहेर आले. आई अंगणात पाट टाकून बसल्या होत्या. डबा मांडीवर, शेजारी तेलाची वाटी. बोटं वाटीत बुडवत होत्या आणि तुझ्या नावावरून फिरवत होत्या. वरून खाली, वरून खाली, केसांना तेल चोपडावं तसं. त्यांना वाचता येत नाही. पण नाव कुठे आहे ते त्यांच्या हाताला बरोबर कळलं होतं.

मी धावलेच. "आई, तेलाचे हात नका लावू त्याला!"

त्यांनी वर बघितलं. हात थांबला नाही.

"लागू दे आता," त्या म्हणाल्या. "आता कसलं काम हाय तिला?"

मी तिथेच उभी राहिले. त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, माझ्या भुऱ्या केसांकडे, आणि पाटावर थोडं सरकून जागा केली.

"ये. तू बी बस."

"आई, मला आहे अजून काम."

"मंग तुला नाय लावीत," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाटीत बोटं बुडवली.